वादळाच्या पेटीतली हजेरी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. बसल्या जागेवरून मला हलता येत नाही, पण कान मात्र तिखट आहेत. झाकण बंद असले की मला फक्त ऐकू येते आणि उघडले की दिसते. त्यामुळे या घराचे निम्मे आयुष्य मी ऐकले आहे आणि निम्मे पाहिले आहे. मित्रांनो, त्यातली एक गोष्ट मला माहीत होती आणि ती मी कुणाला सांगू शकले नाही. तीच सांगायला आज बसले आहे.

माझा जन्म बसडेपोत झाला. या घरातले बाबा तिथे मेकॅनिक होते. भंगारात निघालेल्या एका बसचा पत्रा त्यांनी मागून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी ठोकून ठोकून मला घडवले. झाकणाला त्यांनी बसच्या खिडकीचे रबर लावले, म्हणजे आत पाण्याचा थेंब जायला नको. माझ्या पोटावर त्या बसच्या नंबरातला चारचा आकडा अजून आहे, तोही उलटा. पण मला त्याची लाज वाटत नाही.

मला घरी आणले तेव्हा आई म्हणाली, "एवढी मोठी पेटी? यात काय मला बसवणार आहात?"

"छे हो बाई, वादळाला बसवणार आहे," बाबा म्हणाले.

आई प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळेतली मुले तिला बाई म्हणायची, म्हणून घरात बाबाही चिडवायला बाई म्हणत. आमचे गाव समुद्राला लागून आहे. वर्षातले तीन महिने तिथे वाऱ्याचा भरवसा नसतो. वादळ येणार असे कळले की लोकांची धांदल उडायची. टॉर्च सापडला तर सेल नाहीत, सेल सापडले तर कागदपत्रे कुठे ठेवली ते आठवत नाही. तशी वेळ आपल्या घरावर येऊ नये म्हणून मी होते.

आईने माझ्या झाकणाला आतून एक यादी चिकटवली. वाऱ्याचे दिवस सुरू होण्याआधीच्या रविवारी, आणि वादळाची सूचना आली की पुन्हा एकदा, सगळे माझ्याभोवती बसायचे आणि आई हजेरी घ्यायची. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी नावावर होती. ती हातात धरून दाखवल्याशिवाय हजर म्हणायचे नाही, असा तिचा कडक नियम होता. टॉर्च, सेल आणि रेडिओ थोरल्या मुलीचे, म्हणजे ताईचे. कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी आणि शिट्टी धाकटीची. ती शिट्टी दाखवायची नाही, वाजवायचीच, आणि सगळ्यांच्या कानठळ्या बसायच्या. करवत, दोरखंड आणि घरची जुनी व्हॅन बाबांची.

"टाकी?" आई विचारायची.

"भरली, बाई."

"स्टेपनी?"

"हवा भरली, बाई."

"गाडीचं तोंड?"

"फाटकाकडे, बाई. आणि बाईंचं तोंड माझ्याकडे."

मुली खिदळायच्या. यादीत सगळ्यात शेवटी लिहिले होते, माझा पंप. आईला दमा होता. तोंडाने औषध ओढून घ्यायचा एक पंप तिच्या पर्समध्ये असायचा आणि दुसरा, अडीअडचणीला म्हणून, माझ्या पोटात एका कापडी पिशवीत. त्या ओळीवर आली की आई स्वतःच "हजर" म्हणायची, झाकणावर टिचकी मारायची आणि म्हणायची, "चला, हात धुवा, जेवायला बसा." तो पंप हातात धरून दाखवा असे तिला कुणी कधी म्हटले नाही. एकदा बाबा हसत म्हणाले होते, "बाईंची हजेरी कोण घेणार?" सगळे हसले होते. मीही मनातल्या मनात हसले होते.

वर्षे गेली. वादळे यायची म्हणायची आणि दुसरीकडे वळायची. मग लोक सैल होतात, आमच्या घरचेही झाले. कुणी माझ्यातले सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घालायचे, कुणी दोरखंड नेऊन कपडे वाळत घालायचे. आईला कळले की घर डोक्यावर घ्यायची. दोन दिवसांत वस्तू जागेवर यायची. शेजारचा शिंपी एकदा वादळाची सूचना आली तेव्हा आमच्याकडून टॉर्च घेऊन गेला होता. परत द्यायला आला तेव्हा म्हणाला, "पेटी असावी तर अशी!" ते ऐकून मी आठवडाभर अभिमानाने फुगले होते.

आता जी गोष्ट मला माहीत होती ती सांगते. एका हिवाळ्यात, ताईच्या परीक्षेच्या दिवसांत, आईने भरदुपारी मला एकटीने उघडले. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. पर्समधला पंप संपला होता. तिने माझ्यातला घेतला. पुढे आठ-दहा दिवस ती येऊन तोच घेत होती. मग तिने पर्ससाठी नवा आणला आणि माझा जवळजवळ रिकामा झालेला पंप पुन्हा कापडी पिशवीत घालून जागच्या जागी ठेवला. "पुढच्या खेपेला तुझ्यासाठीही आणते हं," असे मलाच म्हणाली. मग शाळेच्या परीक्षा आल्या, पेपर तपासणे आले आणि ती विसरली. दुसऱ्यांचे एवढे लक्षात ठेवणारी ती बाई, स्वतःचे मात्र विसरली.

त्या वर्षीचे वादळ वळले नाही. रेडिओवर दोन दिवस आधीपासून सांगत होते. खालच्या गल्लीतल्या लोकांना शाळेत हलवले आणि आम्हाला घरातच थांबायला सांगितले. बाबांनी खिडक्यांवर फळ्या ठोकल्या, पिंपे पाण्याने भरली. व्हॅन झाडाखालून काढून अंगणाच्या मधोमध, फाटकाकडे तोंड करून लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटू लागला तेव्हा हजेरी झाली. टॉर्च हजर, सेल हजर, शिट्टी हजर, टाकी हजर.

"माझा पंप," आईने वाचले. या वेळी ती जरा थांबली. तिला आठवले होते. माझे झाकण उघडे होते, म्हणून मला तिचा चेहरा दिसला. पंप नाही म्हटले असते तर बाबा त्याच क्षणी व्हॅन काढून औषधाच्या दुकानाकडे धावले असते, रस्त्यावर पत्रे उडत असताना. तिने पर्सवर हात ठेवला.

"हजर," ती म्हणाली आणि झाकण लावले.

मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर मी ओरडले असते. पण पेटीला कुठली वाचा?

दुपारी वादळ गावावर आले. स्वयंपाकघराच्या खिडकीची फळी निघाली, भिंतीचा गिलावा कोसळला आणि घरभर धूळ झाली. आईला धाप लागली. पर्समधला पंप तिने पुन्हा पुन्हा घेतला आणि चारच्या सुमारास तोही संपला. बाबांनी मला उघडले. "टॉर्च धर गं," ते ताईला म्हणाले. कापडी पिशवी काढली, पंप हलवला, आईच्या तोंडाशी धरून दाबला. काही आले नाही. पुन्हा दाबला.

"अगं, हा रिकामा आहे!" बाबा म्हणाले. "कधीपासून?"

आईला बोलवत नव्हते. तिने नुसते त्यांचे मनगट धरले.

फोन लागत नव्हता. बाबांनी तिला व्हॅनमध्ये बसवले, तोच अंगणातले झाड फाटकावर आडवे झाले. मग माझ्या पोटातली एकेक वस्तू कामाला लागली. ताईने टॉर्च धरला, कारण ढगांनी दिवसाच अंधारून आले होते. धाकटी जीव खाऊन शिट्टी वाजवत राहिली आणि ती ऐकून शिंपी कुऱ्हाड घेऊन धावत आला. करवतीने फांद्या कापल्या, दोरखंडाने ओढल्या. रस्ता मोकळा व्हायला दीड तास लागला. व्हॅन एका झटक्यात सुरू झाली.

आई परत आली नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस, घरात कुणी भेटायला आले की मला बाबांचा आवाज ऐकू यायचा. "टाकी भरलेली होती हो. स्टेपनी होती. करवत होती. सगळं होतं." एवढेच बोलायचे.

मला पलंगाखाली सरकवले. दोन वर्षे कुणी हात लावला नाही, कारण झाकण उघडले की आईचे अक्षर दिसले असते. माझ्या कडेला गंज चढला. गंजाचे मला काही वाटले नाही. मला वाटायचे ते हे, की माझ्यावर विश्वास ठेवून बसलेल्या माणसांना मी सांगू शकले नाही.

तिसऱ्या वर्षी, वाऱ्याचे दिवस जवळ आले तेव्हा, धाकटीने मला बाहेर ओढले. ती आता बारा वर्षांची झाली होती. तिने रबर पुसले, यादी वाचली आणि बाबांना व ताईला हाक मारली.

"हजेरी आहे. पण आता आपापली वस्तू कुणी दाखवायची नाही. माझी ताई बघेल, ताईची बाबा बघतील आणि बाबांची मी. हातात घेऊन, चालू करून बघायची."

एकेक वस्तू पुढे आली. शेवटी ती ओळ आली. धाकटीने वाचले, "आईचा पंप."

या घरात आता दमा कुणालाही नाही. बाबांनी खिशातून सकाळीच आणलेला कोरा पंप काढला. त्यावर त्या दिवसाची तारीख लिहिलेली होती. त्यांनी तो ताईच्या हातात दिला. ताईने हलवला, हवेत एकदा दाबला. पांढरा फवारा उडाला.

"हजर, बाई," बाबा म्हणाले.

तेव्हापासून दरवर्षी नवा पंप येतो. यादीतली ती ओळ कुणी खोडली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही सगळ्यांची हजेरी घेणारे कुणीतरी असेल. टाकी भरली का, सेल घेतले का, तू जेवलास का, असे दिवसभर विचारत असेल. आज घरी गेलात की त्या माणसाजवळ बसा आणि विचारा, तुझे काय? नुसते हजर म्हटले तर ऐकू नका. हातात घेऊन बघा. मला विचारता आले नाही. तुम्हाला विचारता येते.