नऊ नंबरचा बिल्ला

सिलिंडरमध्ये हवा भरतो म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणत. पोलिसाचं त्याच्या अंगावर काही नव्हतं. होता तो कॉम्प्रेसरच्या तेलाचा वास आणि त्याच्या आवाजाने अर्धे गेलेले कान. धक्क्याच्या टोकाला त्याची पत्र्याची खोली. तिथून शिडी उतरली की पाणी कमरेपर्यंत. पन्नास पावलांवर वाळू एकदम संपायची आणि समुद्राच्या पोटात एक गोल, काळीनिळी विहीर सुरू व्हायची. तिचा ठाव कोणाला लागला नव्हता. फार खाली मासासुद्धा जगत नाही, एवढं पाणबुडे सांगत.

खोलीत एक फळी, फळीवर वीस खिळे. उतरताना आपला पितळी बिल्ला खिळ्यावर लावायचा, वर आल्यावर स्वतःच्या हाताने काढून डब्यात टाकायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. आणि एक जरी बिल्ला खिळ्यावर असला तरी खोलीला कुलूप नाही.

हा नियम त्याची पुतणी रोज सकाळी नवशिक्यांना शिकवी, आणि शिकवताना सख्ख्या बापाची साल काढी. “माझे बाबा इथले सगळ्यात तरबेज पाणबुडे. एका संध्याकाळी वर आले, बिल्ला डब्यात टाकला आणि कोणाला न सांगता पुन्हा उतरले. फळी रिकामी, मग शोधणार कोण? अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.”

नवशिके हसत. हवालदार नेमका तेव्हा कॉम्प्रेसर सुरू करी.

पाण्यातून वर आली की ती दारातूनच ओरडे, “काका, आले हो.” काकाच्या जिवाला घोर असतो हे तिला ठाऊक होतं. ते ऐकल्याशिवाय तो चहाला हात लावत नसे.

अठरा वर्षं हे असंच चाललं होतं. मग धक्क्याचा कारभार तिच्या हाती आला आणि पहिलं काम तिने काय काढलं, तर दारावर पाटी.

“रंगारी उद्या येतोय. वाचते, काही चुकलं तर सांगा,” ती कागद उलगडत म्हणाली. “‘बिल्ला न लावता उतरलेला माणूस परत आला नाही.’ खाली बाबांचा नंबर, नऊ.”

हवालदाराने कॉम्प्रेसर बंद केला.

“चुकलंय,” तो म्हणाला. “तो बिल्ला लावूनच उतरला होता.”

“बिल्ला डब्यात सापडला होता ना?”

“मी टाकला.”

मग त्याने सगळं सांगितलं. तिचा बाप, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, विसराळू होता. दहादा वर येऊन बिल्ला खिळ्यावरच ठेवून घरी गेला असेल. त्या संध्याकाळी सात-आठ जण एकदम वर आले, सगळे काळ्या पोशाखात, आणि त्यातली एक पाठ धाकट्यासारखी वाटली. ‘या गाढवाला कधी अक्कल येणार’ असं पुटपुटत हवालदाराने नऊ नंबर काढला, डब्यात टाकला, कुलूप लावलं. दोन तासांनी भावजय दारात येऊन म्हणाली, “हे अजून आले नाहीत.” चौकशीत तो एवढंच बोलला, की बिल्ला डब्यात होता. कोणी टाकला, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्याने आपणहून सांगितलं नाही.

पुतणीने कागदाची घडी घातली. “तुम्ही कुलूप लावलं तेव्हा बाबांकडे हवा किती होती?”

सिलिंडर त्यानेच भरला होता. हा हिशेब तो रोज करत आला होता.

“अर्ध्या तासाची.”

“आई मरेपर्यंत त्यांना बोल लावत होती, काका. ‘त्यांना आमच्यापेक्षा विहीर प्यारी’ म्हणायची. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात.”

“हो.”

“आणि मी रोज त्यांच्यावर पोरांना हसवते.”

तूही मला सोडून जाशील या भीतीने तोंड शिवून बसलो, हे खरं होतं, पण तिच्यापुढे म्हणायला त्याची जीभ उचलेना.

“बिल्ला कुठे आहे?” तिने विचारलं.

खणातून त्याने फडक्यात गुंडाळलेला बिल्ला काढला. ती तो घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला तसा परत गेला. नवशिक्यांना तिने फक्त नियम सांगितला. कोणी हसलं नाही. मग तिने खिशातून नऊ नंबरचा बिल्ला काढून त्याच्या खिळ्यावर लावला.

“हा कोणाचा, ताई?” एकाने विचारलं.

“माझ्या बाबांचा. ते अजून वर आलेले नाहीत.”

संध्याकाळी एकेक जण वर आला. ती शेवटची. तिने आपला बिल्ला काढला, डब्यात टाकला आणि दाराबाहेर पडून सरळ रस्त्याला लागली. “काका, आले हो” नाही की काही नाही. हवालदाराने दोन कप काढून ठेवले होते.

आवराआवर झाल्यावर तो कुलूप हातात घेऊन फळीसमोर उभा राहिला. एकोणीस खिळे रिकामे होते. उरलेल्या एकावर नऊ नंबर लटकत होता, आणि तो काढणारा हात आता कधी वर येणार नव्हता. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. हवालदाराने कुलूप मेजावर ठेवलं आणि उंबऱ्यावर बसून राहिला.