डोलोफिनच्या नावाचा संशय

मित्रांनो, जरा लांबूनच बोला. मी रुग्णालयातले जुने लोखंडी कपाट आहे आणि चटकन कुणावर विश्वास टाकणे माझ्या स्वभावात नाही. माझ्या पोटात कडक वेदनाशामके असतात. प्रमाण थोडे चुकले तर श्वास थांबावा, अशी. म्हणूनच मला जाड पत्र्याचे घडवले आणि भिंतीत पक्के ठोकले. रंग नवा होता तेव्हा मोठे डॉक्टरही माझे कौतुक करत. आता डोक्यावर रिकामे खोके ठेवतात. असो.

एकदा समोरच्या खाटेवर एक टर्नरकाका आले, म्हणजे कारखान्यात लेथ मशीन चालवणारे. कर्करोग हाडांत उतरला होता. कूस बदलताना ते उशी चावत. आधीच्या औषधाने भागेना, तेव्हा डॉक्टरांनी मेथाडोन लिहून दिले. काकांनी तोंड घट्ट मिटून घेतले. कारखान्यातल्या सोबत्याने त्यांच्या मनात भरवले होते, की या औषधाचे जुने विक्रीचे नाव डोलोफिन, आणि ते एका क्रूर जर्मन हुकूमशहाच्या नावावरून ठेवलेले आहे.

"त्याच्या नावाचं औषध? मेलो तरी घेणार नाही!"

लेक रडकुंडीला आली. "बाबा, तुमचे हाल बघवत नाहीत हो."

काका दिवसेंदिवस तळमळत राहिले. शेवटी लेकीने औषधे देणाऱ्या बाईंना गाठले. बाई खुर्ची ओढून काकांजवळ बसल्या.

"काका, ती नुसती आवई आहे. मेथाडोन हे नाव त्याच्या लांबलचक रासायनिक नावाचे तुकडे जोडून केलंय. आणि डोलोफिन लॅटिनवरून आलं असं मानतात. डोलोर म्हणजे वेदना, फिनिस म्हणजे शेवट."

"शेवट? कुणाचा?" काकांचा संशय आणखी बळावला. मला हा माणूस फार आवडला.

बाईंनी वाद घातला नाही. सिस्टरना हाक मारली. माझी दोन कुलपे, दोघींकडे एकेक किल्ली. एकटीला मी उघडतच नाही. दोघींनी बाटली पाहिली. एकीने माप घेतले, दुसरीने ते पुन्हा तपासले.

"तुमचा एकमेकींवरही भरवसा नाही?" काकांनी विचारले.

"या कपाटापाशी अजिबात नाही," सिस्टर म्हणाल्या.

काका किती दिवसांनी हसले! "मग आणा इकडे."

काका बरे झाले नाहीत. पण उरलेले दिवस ते लेकीशी पोटभर बोलले. आधीचे दिवस मात्र त्या आवईने खाल्ले, याचे मला आजही वाईट वाटते.

मित्रांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या औषधाला हात लावू नका. संशयही जरूर घ्या. पण तो मनात कोंडून ठेवू नका, जाणत्या माणसाला लगेच विचारा. तुमच्या शंकेचे उत्तर मिळेपर्यंत कुणाचे दुखणे थांबून राहत नाही.