फळ्या न लावलेलं उधाण

बाबा एका ओंडक्याच्या प्रेमात पडले आणि तिथंच घोळ झाला. बोटीच्या कण्यासाठी आणलेलं ते लाकूड इतकं सरळ, इतकं देखणं निघालं की त्यातलं वीतभर कापायलाही त्यांचा जीव होईना. मग कणा मोठा म्हणून फासळ्या मोठ्या, आणि फासळ्या मोठ्या म्हणून फळ्या जाड. आमच्या बाकीच्या बोटी गोल लाकडांवरून ढकलत पाण्यात जातात. हिच्याखाली ती लाकडंच पिचली.

"वजनदार आहे," बाबा म्हणाले, लेकीचे मार्क सांगावेत तसे.

आता समुद्रानंच अंगणात, बोटीकडे यायला हवं होतं. वर्षातून एकदा, सगळ्यांत मोठ्या उधाणाला, तो आमच्या फाटकापर्यंत चढतो. वादळ नाही, पाऊस नाही. लख्ख ऊन असतं आणि गटारांतून खारं पाणी वर येऊन भर रस्त्यात मासे फिरतात. लोक वैतागतात, दुकानदार शिव्या घालतात. मी मात्र दरवर्षी वेड्यासारखी बघत उभी राहते.

अडचण होती ती आत्याची. बाबांच्या या धाकट्या बहिणीची लाँड्री आमच्याच अंगणात, त्याच फाटकाच्या आत. उधाणाच्या दिवशी फाटकाच्या खाचांत जाड फळ्या बसवून ती समुद्राला बाहेर थोपवते. यंदा फळ्या लावल्या तर बोट जागची हलणार नव्हती. नाही लावल्या तर लाँड्रीत पाणी.

आत्याची साठी उलटली तरी बाबा तिला बेबी म्हणतात, आणि या बेबीसमोर त्यांची दातखीळ बसते. त्यांच्या कामाला तिनं आजवर कधी बरं म्हटलेलं नाही. ही बोट बघून ती एवढंच म्हणाली होती, "घर बांधतोयस का?" त्यामुळे फळ्यांचा विषय त्यांनी काढलाच नाही. आणखी वर्षभर उन्हात राहिली तर बोटीचे सांधे फाकणार होते. बाबांचे गुडघे तर आत्ताच गेले होते. ही त्यांची शेवटची बोट, हे घरात कुणी बोलत नव्हतं इतकंच.

उधाणाच्या सकाळी बाबा स्वतःच फळ्या घेऊन फाटकाशी गेले. मला त्यांचा भयंकर राग आला. पहिली फळी खाचेत बसते न बसते तोच आत्या बाह्या सरसावत आली.

"काय चाललंय, दादा?"

"फळ्या लावतोय. तुझी लाँड्री..."

"माझीच ना? मग तू कशाला मधे मधे करतोस?" तिनं फळी उपसून भिंतीला टेकवली. "आणि बोटीच्या टेकूला लावून उरलेले तुझे ठोकळे नेलेत मी. शोधत बसू नकोस."

मी आत जाऊन पाहिलं. धुलाईची मशिनं बाबांच्या ठोकळ्यांवर चढवलेली, गिऱ्हाइकांचे कपडे वाशांना टांगलेले. एका हॉटेलच्या इस्त्री केलेल्या चादरी तेवढ्या लांब टेबलावर रचलेल्या होत्या. हे सगळं बाईनं एकटीनं, कुणाला न सांगता केलं होतं. तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण ती ओरडली असती.

पाणी आलं ते आवाज न करता. अंगण भरलं, उंबरा बुडाला, घोटे बुडाले, मग गुडघेही. बोट धरायला बाबांचे दोन सुतार दोर घेऊन उभे होते. बाबांनी तळहात बोटीच्या अंगाला लावला होता. ती पहिल्यांदा हलते तो क्षण त्यांना हातानं कळायला हवा असतो. सगळ्या बोटींना त्यांनी तसाच निरोप दिलाय.

तेवढ्यात लाँड्रीतून लाकूड कडाडल्याचा आवाज आला. टेबलाचा एक पाय मोडला होता आणि चादरींसकट ते कलत होतं. गुडघ्यांची तक्रार करणारा हा माणूस पाण्यातून धावला. त्यांनी टेबलाखाली खांदा दिला, दुसरं टोक मी धरलं. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं, त्यांच्या पाठीमागे अंगणाकडच्या खिडकीत आत्या. हलायची सोय नव्हती.

बाहेर सुतारांनी एकदम हाका घातल्या.

"तरंगली का गं?" बाबांनी भिंतीलाच विचारलं.

मला दिसत होतं. मी बोलणार तोच आत्या बोलली.

"ठोकळ्यांवरून सुटली. आता फाटकाकडे वळतेय. जरासुद्धा कलली नाही, दादा." तिनं वळून बाबांच्या पाठीकडे पाहिलं. "त्या लाकडातलं काही कापलं नाहीस, बरं केलंस."

बाबांनी कपाळ भिंतीला टेकवलं, आणि टेबल काही एवढं जड नव्हतं.

"पुढे?" ते म्हणाले.

"सांगते," आत्या म्हणाली, आणि बोट पार दिसेनाशी होईपर्यंत सांगत राहिली.