तिथं कोण दिसलं

कमलाबाईंना शुद्ध आली तेव्हा त्यांची छाती दुखत होती. ऑपरेशन तर पोटाचं होतं. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ होती आणि ती काढण्यासाठी त्या परळच्या हॉस्पिटलात दाखल झाल्या होत्या. पोटावर टाके पडतील, काही दिवस ते ओढतील, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण आता मधोमध वरवंट्याने ठेचल्यासारखी दुखत होती ती छाती. नर्सला विचारलं तर ती म्हणाली, मावशी, बोलू नका, आराम करा.

मुलगा राकेश आत आला, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि गाठ निघाली, सगळं नीट झालं, एवढंच म्हणाला. कमलाबाईंनी दादरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केली होती. माणूस काही लपवून बोलायला लागला की त्याचा आवाज जरा जास्तच साफ होतो, हे त्यांना माहीत होतं. राकेशचा आवाज तसा साफ होता.

खरं काय ते हृदयाच्या डॉक्टरांकडून कळलं. राउंडला आलेला तो तरुण माणूस त्यांना सगळं ठाऊक असेल असं धरूनच बोलायला लागला. ऑपरेशन चालू असताना आतडं ओढलं गेलं, तसे हृदयाचे ठोके कमी कमी होत गेले आणि मग बंदच पडले. छाती दाबून ते परत सुरू करावे लागले, म्हणून बरगड्या दुखतायत. सर्जन थोडा वेळ थांबले, हृदय स्थिर झाल्यावर त्यांनी गाठ काढली. आता घरी जाण्याआधी पेसमेकर बसवायचा.

"म्हणजे मी गेले होते?" कमलाबाईंनी विचारलं.

"दोनेक मिनिटं हृदय थांबलं होतं," डॉक्टर म्हणाले. "आता काळजी नाही."

राकेश खिडकीबाहेर बघत होता. पुढे सूनबाईंनी, मनालीने, सांगितलं की सर्जन मधेच बाहेर येऊन हे बोलले तेव्हा राकेश एकटाच होता. ती ऑफिसला गेली होती, कारण ऑपरेशन साधं आहे असंच सगळे धरून चालले होते. तो हॉलमध्ये भिंतीला टेकून खालीच बसला, आणि पुन्हा बोलावणं येईपर्यंत त्याने कुणालाही फोन केला नाही. कमलाबाईंना वाटलं, त्याला जवळ बोलवावं. पण तो आला की डबा, गोळ्या, रिपोर्ट यांबद्दलच बोलायचा, आणि त्याही मग तेवढंच बोलायच्या.

वॉर्डात पडल्या पडल्या त्या आठवायचा प्रयत्न करत. टेबलावरचा मोठा दिवा आठवत होता. हाताच्या शिरेत काहीतरी गार शिरलं, तेही आठवत होतं. त्यानंतर एकदम नर्सची हाक. मधे काहीच नव्हतं. अंधारसुद्धा नव्हता.

त्यांचे यजमान बुधाजी तीन वर्षांपूर्वी गेले. कमलाबाईंनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, पण आपली वेळ येईल तेव्हा ते दिसतील असं त्यांनी मनाशी धरलं होतं. एक्स्चेंजची दुपारपाळी सुटली की फाटकाबाहेर ते हात पाठीमागे बांधून उभे असायचे, तसेच उभे असतील. बुद्धविहारात बसून इतकी वर्षं ऐकलेलं त्यांना पाठ होतं, की आत्मा नाही, मेल्यावर कुणी कुणाला भेटत नाही. पण पाठ असणं वेगळं. आता तर त्या स्वतः जाऊन आल्या होत्या, आणि तिथं कुणी नव्हतं.

पेसमेकर बसला. राकेशने त्यांना खारघरला आपल्या घरी नेलं. पण दिवसभर तिथं कुणी नसे. टाके सुकल्यावर कमलाबाई हट्टाने नायगावला परतल्या. चाळ पाडून बांधलेल्या नव्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर त्यांना घर मिळालं होतं. चाळीत कुणाला साधा ताप आला तरी गॅलरीभर कळायचं. इथं लिफ्टमधून बाहेर पडलं की सगळे दरवाजे बंद. तरी त्यांचं हृदय थांबलं होतं ही गोष्ट कशी कोण जाणे पसरली, आणि जुने शेजारी एकेक करून येऊन गेले. तब्येतीची चौकशी झाली की थोडं थांबून प्रत्येकजण तेच विचारी. काय दिसलं? उजेड दिसला का? टीव्हीवर एका बाईने सांगितलं होतं म्हणे. कमलाबाई म्हणत, काही आठवत नाही. मग समोरच्याचा चेहरा उतरे. गावाला जाऊन रिकाम्या हाताने परतल्यासारखं कमलाबाईंना वाटे. हळूहळू येणारे थांबले.

सुमेधा आली ती सगळ्यांत शेवटी. चाळीत ती त्यांची भिंतीपलीकडची शेजारीण होती, आता नवव्या मजल्यावर राहायची. तिचा थोरला मुलगा गौतम दोन वर्षांपूर्वी कॉटन ग्रीनच्या एका बसस्टॉपवर अचानक कोसळून गेला होता. त्याचंही हृदयच. तेव्हापासून सुमेधा कुणाकडे फारशी जात नसे. तिने भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. डबा ओट्यावर ठेवून ती बसली.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्हाला कोणी दिसलं का तिथं?"

हा प्रश्न कुणासाठी आहे हे कमलाबाईंना लगेच कळलं. दिसला, हसत होता, एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सुमेधानेही विहारात तेच ऐकलेलं होतं, तरी ती विचारत होती. कमलाबाईंच्या ओठांवर ते वाक्य आलंसुद्धा. पण हिच्याशी खोटं बोललो तर खरं बोलायला आपल्याला कुणीच उरणार नाही, असं त्यांना वाटलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "कोणीच नाही. हेसुद्धा नाहीत."

सुमेधाने मान खाली घातली.

"पण ऐक. मला काही कळलंच नाही. झोपवलं होतं म्हणून असेल, मला माहीत नाही. पण दुखलं नाही. भीती वाटली नाही. मी कुणाला हाकही मारली नाही. जे काय दुखलं ते परत आल्यावर."

सुमेधाने वर पाहिलं. "त्याने मला हाक मारली असेल असं वाटतं मला. रोज वाटतं."

"मारली नसेल," कमलाबाई म्हणाल्या. "तेवढा वेळच नसतो."

सुमेधा रडली नाही. थोड्या वेळाने उठली, डबा नंतर नेते म्हणाली आणि गेली. दरवाजा लागल्यावर कमलाबाईंनी छातीवरच्या पेसमेकरच्या कडक उंचवट्यावर हात ठेवला. जे तिला सांगितलं ते खरं होतं. पण त्याने बुधाजींची जागा भरत नव्हती. फाटकाबाहेर आता कुणी उभं नव्हतं, आणि हे त्यांना एकट्यांनाच माहीत होतं.

डबा न्यायला सुमेधा आली नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आपण चुकलो, असं कमलाबाईंना वाटत राहिलं. आईला खोटं हवं असतं तेव्हा ते द्यावं, असंही वाटलं. राकेशचा फोन आला, पण हे काही त्याला सांगता आलं नाही.

एका सकाळी त्यांनी बांगड्याचं कालवण केलं आणि डबा भरला. आजारपणानंतर पहिल्यांदाच त्या एकट्या लिफ्टने खाली गेल्या. नवव्या मजल्यावर सगळे दरवाजे एकसारखे. पाटी वाचून बेल वाजवली, तोवर दम लागला होता.

सुमेधाने दार उघडलं. केस ओले, हातात झाडू. तिने डब्याकडे पाहिलं, मग कमलाबाईंकडे. "येणार होते," ती म्हणाली. "पण रात्रीची झोप लागायला लागली वहिनी. दिवसाही लागते. उठवतच नाही."

कमलाबाईंनी डबा पुढे केला.

"तुम्हाला लागते का झोप?" सुमेधाने विचारलं.

"नाही," कमलाबाई म्हणाल्या.

सुमेधाने झाडू भिंतीला टेकवला आणि त्यांच्या हाताला धरून त्यांना आत घेतलं.