गुराबेवरची कवटी

इंग्रजांच्या शेजारच्या बेटावर, ल्यूकनच्या एकसारख्या घरांच्या रांगेत विजयदुर्गचे प्रभाकर अडकून पडले. दोन हजार वीसच्या मार्चात महिनाभरासाठी लेकाकडे आलेला माणूस. विमानं बंद झाली आणि वर्ष उलटलं. टीव्हीवरचे मेलेल्यांचे आकडे ऐकून डोकं फिरलं, तेव्हा त्यांनी मागच्या शेडमध्ये टाकाऊ फळ्यांतून छोटीशी गुराब बांधायला घेतली. आंग्र्यांच्या आरमारातली लढाऊ नौका. उथळ खाडीत शिरणारी, पुढच्या टोकावरच्या, नाळेवरच्या तोफा रोखून सरळ शत्रूच्या अंगावर जाणारी.

नात श्रावणी फळ्या धरायची. पाणी शिरू नये म्हणून सांध्यांत कापूस ठासताना आजोबा सांगायचे, ओहोटीला विजयदुर्गच्या खडकावर बसून माझा आजा बोट दाखवायचा. तिथं गुराब बांधली, तिथून पाण्यात लोटली, इंग्रजांना दर्यावर पळवलं. आणि जळाली त्याच खाडीत. इंग्रजांनी जाळली, अन् त्यांना बोलावून आणलं आपल्याच पेशव्यांनी!

"वर गोऱ्यांनी लिवल्यानी, आंग्रे चाचे! आणि आमची शिकलेली माणसां तांच घोकतत!"

नातीनं तरी ते घोकू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

एका सकाळी शेडमध्ये गेले, तर धोतर फाडून केलेल्या शिडावर रंगवलेली काळी कवटी, खाली दोन हाडं.

"ह्यां काय केलंस गो? चोरांचो झेंडो?" त्यांनी शीड ओढलं, ते टरकन फाटलं.

श्रावणी रडत ओरडली, "बट आजोबा, पायरेट्स आर द गुड गाइज!"

लेक देवदत्त धावत आला. "बाबा, ऐका तरी. इथं पश्चिम किनाऱ्यावर एक बाई जहाजं घेऊन इंग्रजांना नडली होती. त्यांनी तिलाही चाचीच ठरवलं. इथले लोक मात्र तिला पायरेट क्वीन म्हणून मिरवतात, शाळेत शिकवतात. हिला वाटलं, शूर माणसाचं निशाण हेच."

प्रभाकरांनी फाटलेलं शीड उचलून उलगडलं. आमच्या लोकांनी शिवी ऐकली आणि अडीचशे वर्षं मान खाली घातली. इथल्या लोकांनी तीच शिवी शिडावर चढवली.

"सुई-दोरो घेवन ये गो, चेडवा," ते म्हणाले.

रविवारी लिफी नदीच्या काठी नारळ फुटला. टाके घातलेलं, कवटीचं शीड वाऱ्यानं फुगलं आणि गुराब खाडीत निघाल्यासारखी डौलात निघाली. प्रभाकरांना क्षणभर खडकावरचा आजा दिसला.

कुत्रं फिरवणारा एक म्हातारा थांबला. "ग्रँड पायरेट शिप, दॅट!"

श्रावणीनं घाबरून आजोबांकडे पाहिलं.

"येस!" आजोबा छाती काढून गरजले. "पायरेट! आवर पायरेट!"