गोळीचा रंग

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं शशिधर म्हणतात. शशिधर म्हणजे माझे यजमान, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. त्यांचे पेशंट झोपलेले असतात, त्यामुळे उलट उत्तर ऐकायची त्यांना सवय नाही. मी इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या एका वस्तीत फार्मसी चालवते आणि माझे पेशंट चांगले जागे असतात. 'देवस्थळी' म्हणताना जीभ अडखळते म्हणून सगळे मला मिसेस डी म्हणतात.

ही त्र्याण्णवची गोष्ट. महिन्याला ठरावीक आकड्यापेक्षा कमी प्रिस्क्रिप्शन्स येणाऱ्या दुकानांचा सरकारी भत्ता बंद होणार, असं पत्र आलं. कागद चांगला जाडजूड होता. काटकसर तिथून सुरू केली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं. पाठोपाठ एका मोठ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. दुकान विकत घ्यायचं, बंद करायचं आणि सगळी प्रिस्क्रिप्शन्स तीन राउंडअबाउट पलीकडच्या सुपरमार्केटमधल्या त्यांच्या काउंटरवर न्यायची, असा त्यांचा बेत होता. गाडीनं जायला सात मिनिटं लागतात. पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांकडे गाडी नव्हती, आणि बस म्हणजे आली तर आली.

"विकून टाक, सुलक्षणा," शशिधर म्हणाले. "लोकम कर, दुसऱ्यांच्या दुकानात बदली म्हणून, आठवड्यातून तीन दिवस. नो टेन्शन."

"अहो, मला टेन्शन कुठे आहे? टेन्शन त्या पत्र पाठवणाऱ्याला यायला हवं."

खरंच, काटकसर करून दुकान वाचवता येईल याची मला खात्री होती. माझे वडील पुण्यात केमिस्ट होते. स्वस्त मिळेल तिथून माल उचलायचा, औषधाचं नाव तेच तर औषध तेच, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, गोळ्या ज्याच्याकडे स्वस्त मिळतील त्याच्याकडून घ्यायच्या, मग कंपनी दर महिन्याला बदलली तरी चालेल. दुसरी, काउंटरवरच्या मोरीनला महिनाअखेरीस निरोप द्यायचा. मोरीन नऊ वर्षं माझ्याकडे होती. काम चोख करायची, पण बोलायची फार. गिऱ्हाइकाच्या मांजराचं ऑपरेशन कसं झालं, हेसुद्धा तिला विचारायचं असे. दहा मिनिटांच्या कामाला पंचवीस लागत. मी तिला तसं सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "ओके, मिसेस डी," म्हणाली आणि खोकल्याच्या बाटल्या पुसायला लागली. मला वाईट वाटलं, पण मी माझ्या हिशेबावर खूश होते.

त्यानंतरच्या सोमवारी मिस्टर गर्नी आले. वय अठ्ठ्याहत्तर. जवळच्या रेल्वे कारखान्यात जन्मभर डबे रंगवण्याचं काम केलेले. वसंतात त्यांची बायको डोरिस गेली होती. मी मागे गोळ्या मोजत होते आणि मोरीनची बडबड कानावर येत होती. त्यांना सगळ्यात मऊ टूथब्रश हवा होता. मोरीननं ब्रश द्यावा, पैसे घ्यावेत आणि मोकळं व्हावं. पण नाही.

"मऊ कशाला? परवाच तर घेतलात एक."

"तोही टोचतो."

"रुमाल दाखवा बघू. अहो, हे रक्त कधीपासून येतंय?"

मग ती आत आली आणि हळूच म्हणाली, "मिसेस डी, बाहेर या. आत्ता."

गर्नींच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. मनगटावर जांभळा डाग होता, आणि कुठे आपटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात, हे मला पाठ होतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सर्जरीला, म्हणजे त्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला, फोन केला. रिसेप्शनिस्ट म्हणाली, डॉक्टर बिझी आहेत. मी म्हटलं, असू दे बिझी, मी लाइनवर थांबते, आणि ते येईपर्यंत बोलत राहते. दोन मिनिटांत डॉक्टर फोनवर आले, अर्ध्या तासात गर्नी हॉस्पिटलात होते. रक्त नको तितकं पातळ झालं होतं. आणखी चार-पाच दिवस गेले असते तर हे हिरड्यांवर थांबलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं.

बुधवारी दुपारी आमच्याकडे दुकानं अर्धा दिवस बंद असतात. गर्नी त्या सकाळीच घरी आले होते, म्हणून मी थेट त्यांच्या घरी गेले. गोळ्या जास्त कशा गेल्या ते मला बघायचंच होतं. डोक्यात राग होता, आणि खरं सांगायचं तर तो त्यांच्यावरच होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीत माझ्याच दोन तपकिरी बाटल्या होत्या. लेबलं स्वच्छ टाइप केलेली. एकीवर रोज एक, दुसरीवर रोज दोन.

"मिस्टर गर्नी, रक्ताची गोळी एकदाच घ्यायची, बीपीची दोनदा. तुम्ही नेमकं उलटं केलंत. इथे स्पष्ट लिहिलंय. लेबल वाचत नाही का तुम्ही?"

त्यांनी किटलीत पाणी भरलं, ती गॅसवर ठेवली, पण गॅस पेटवला नाही.

"डोरिस वाचायची," ते म्हणाले. "मला वाचता येत नाही. कधीच आलं नाही. कारखान्यात कुणाला कळलं नाही, रंगाच्या डब्यांतले रंग मी झाकण उघडून ओळखायचो. डोरिस गेल्यावर मी गोळ्याही तशाच घ्यायला लागलो. गुलाबी एक, पांढऱ्या दोन. या वेळी पांढऱ्या आल्याच नाहीत. दोन्हीकडे गुलाबी. एक गुलाबी जरा मळकट आहे, ते मला दिसतं. पण दोन घ्यायच्या त्या कुठल्या, ते कसं कळणार? मी आपला अंदाज केला."

मी बाटल्या उघडून दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. बीपीची गोळी इतकी वर्षं पांढरी होती. स्वस्तातल्या नव्या कंपनीची गुलाबी निघाली. नाव तेच, औषध तेच, आणि मी ती मोजताना तिच्या रंगाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. दात कोरून पोट भरत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी माझ्या दात कोरण्यानं एक म्हातारा मरता मरता वाचला होता. आणि मी त्याला विचारलं होतं, वाचत नाही का तुम्ही!

चूक कबूल करायची मला अजिबात सवय नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली, शशिधरांना विचारा. पण त्या स्वयंपाकघरात मी ती कबूल केली.

"चूक माझी आहे. गोळी मी बदलली आणि तुम्हाला सांगितलं नाही. आय ॲम सॉरी. हे मी डॉक्टरांनाही लेखी कळवणार आहे. तुमचं वाचण्याचं नाही, माझं चुकल्याचं."

गर्नींनी मान हलवली आणि मग गॅस पेटवला. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "मोरीन म्हणते दुकान बंद होणार."

"अजून नक्की नाही."

"अठ्ठ्याहत्तर वर्षांत मी हे दोन माणसांना सांगितलं. डोरिसला आणि आज तुम्हाला." ते वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "त्या सुपरमार्केटमध्ये मला पुन्हा कुणाला तरी सांगायला लावू नका, मिसेस डी."

मी चहा प्यायले. तो फार वाईट होता. मग घरी जाऊन कंपनीच्या माणसाला फोन केला आणि दुकान विकायचं नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, वर्षभरात तुम्हीच फोन कराल. मी म्हटलं, वाट बघत बसा.

शशिधरांनी सगळं ऐकून घेतलं. "पण भत्ता तर जाणारच ना? मग चालवणार कसं?"

"चुकीच्या ठिकाणी कात्री लावली होती मी. आता बरोबर ठिकाणी लावते."

दुसऱ्या दिवशी आधी मोरीनची माफी मागितली. आठवड्यात दुसऱ्यांदा! ती म्हणाली, "ओके, मिसेस डी," आणि या वेळी मात्र रडली. मग अत्तरं आणि लिपस्टिकचा कोपरा मोकळा केला. तिथे निम्मा माल धूळ खात होता. ती जागा पायांची काळजी घेणाऱ्या एका बाईला आठवड्यातून दोन दिवस भाड्यानं दिली, म्हणजे म्हाताऱ्यांना नखं कापायला दूर जायला नको. सर्जरीतल्या डॉक्टरांच्या मागे लागून एकेका पेशंटची सगळी औषधं एकाच दिवशी येतील अशी व्यवस्था करून घेतली. त्यात माझे आणि त्यांचे किती तास वाचले, ते कळल्यावर डॉक्टर स्वतःच इतरांना सांगत सुटले. स्वस्त गोळ्या मी आजही घेते, मला काही खूळ लागलेलं नाही. फक्त नव्या कंपनीची बाटली उघडली की आधी रंग बघते, आणि जे रंगावरून गोळ्या ओळखतात म्हणून ज्यांच्या दुकानातल्या कार्डावर मी खूण केली आहे त्यांच्या गोळीचा रंग बदलत नाही. नाइलाज झालाच तर बाटली हातात देताना झाकण उघडून दाखवते. बुधवारी दुपारीही मी दुकान उघडं ठेवायला लागले. घरात असतील नसतील ती सगळी औषधं पिशवीत घालून आणा, असं मोरीन प्रत्येकाला सांगायची. पहिल्याच बुधवारी एका बाईंच्या पिशवीतून मेलेल्या नवऱ्याच्या झोपेच्या गोळ्या निघाल्या. त्यांतली एक त्या बाई रोज रात्री घेत होत्या.

त्या वर्षी आम्ही सुट्टीला कुठे गेलो नाही. पुढच्या वर्षीही नाही. शशिधर कुरकुरले, पण बुधवारी दुपारी मोकळे असले की दुकानात यायचे आणि जुन्या बाटल्यांची खोकी भरायचे. जाग्या पेशंटांशी बोलायची त्यांना हळूहळू सवय झाली.

एका बुधवारी, चौऱ्याण्णवच्या शरदात, मिस्टर गर्नी आले ते एकटे नव्हते. बरोबर त्यांच्याच वयाचा, त्यांच्यापेक्षा हातभर उंच माणूस होता. टोपी काढून हातात धरलेली, पिशवी छातीशी. दुकानात चार माणसं होती. गर्नी थांबले. शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडल्यावर काउंटरपाशी आले.

"मिसेस डी, हा रेज. आम्ही बत्तीस वर्षं एकाच शेडमध्ये रंग दिला." त्यांनी मागे पाहिलं. तो उंच माणूस जमिनीकडे बघत होता. "मला आत्ता गेल्या आठवड्यात कळलं. याचंही माझ्यासारखंच आहे."

मी मोरीनला काउंटर सांभाळायला सांगितलं आणि दोघांना आत घेतलं.