मजकुराचा बदललेला पत्ता

'पंप सु'. 'पंप सुरू' यायला हवं होतं, पण आजही पडद्यावर तेवढंच उमटलं आणि पुढे नुसता कचरा. सुनिल्दाने कीबोर्ड पुढे ढकलला.

दूध थंड करणाऱ्या यंत्रांसाठी असुन्सिओन शहरातली त्यांची छोटी कंपनी स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा आणि ती यंत्राला समजेल अशी करून देणारा कंपायलर बनवत होती. त्यातले मॅक्रो सुनिल्दाकडे होते. गिऱ्हाइकाने 'गारवा' एवढंच लिहिलं की त्या जागी आधी ठरवलेल्या सगळ्या ओळी घालायच्या. त्यांत आणखी एखादा मॅक्रो निघाला तर तोही उलगडायचा. लहान प्रोग्राम नीट चालत, मोठ्यात शब्द तुटत. बिघडतंय कुठे ते बघायला मध्ये एक छापायची ओळ घातली, तर सगळं सुरळीत! ओळ काढली की पुन्हा तेच रडगाणं.

"देर्लिस, एकदा तुझं मेमरीवाटप बघतोस का?"

देर्लिस कॉलेजात तिच्याच वर्गात होता. मेमरी वाटून देणारा भाग त्याचा. तो तेरेरे या थंड काढ्याच्या पेल्यात बर्फाचं पाणी ओतत होता. "माझ्याकडे काही नाही. तुझंच कुठेतरी चुकतंय."

"न बघताच?"

"बघायचं काय त्यात? आजवर कुणाची तक्रार नाही."

ती दात-ओठ खात परतली. प्रोग्राम मध्येच थांबवून तिने मजकुराचा मेमरीतला पत्ता पाहिला. आतला मॅक्रो उलगडल्यावर पुन्हा पाहिला, तर पत्ता वेगळाच! मजकूर दुसरीकडे गेला होता आणि तिचा कोड रिकाम्या झालेल्या जागेतच वाचत बसला होता. छापायच्या ओळीने मेमरीची मांडणी बदलायची, म्हणून तेव्हा चूक लपायची.

देर्लिसला ओढत आणून तिने ते दाखवलं. त्याने मान खाजवली. "हां... गेल्या महिन्यात जरा बदल केला होता. मजकूर मावेनासा झाला की तो सगळाच मोठ्या जागेत हलवतो. मेमरीची बचत होते."

"आणि हे मला कोण सांगणार होतं?"

"आतलं काम गं ते. पण तू तरी जुना पत्ता धरून का बसलीस?"

"अरे महाराज! घर बदललंस तू, आणि पत्रं चुकली म्हणून बोलणी मी खायची?"

"बदल काढला तर मोठ्या प्रोग्रामला मेमरी पुरायची नाही."

तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता, आणि तिला तेच जास्त झोंबलं. आता कोडमध्ये जिथे जिथे पत्ता धरला होता, तिथे तिथे 'सुरुवातीपासून कितवं अक्षर' असा हिशोब ठेवायला हवा होता. देर्लिस शेजारी बसून जागा शोधून देत होता; त्यातल्या काही चुकीच्याच निघाल्या आणि केलेलं पुन्हा निस्तरावं लागलं.

संध्याकाळी मोठा प्रोग्राम पार पडला.

"झालं ना? उगाच चिडलीस," देर्लिस म्हणाला.

तिचं समाधान झालं नाही. गरज असो-नसो, दर वेळी मजकूर हलवायचाच, अशी तिने मुद्दाम चाचणी लावली. कंपायलर भलत्याच ठिकाणी कोसळला. कोडमधली ती ओळ देर्लिसच्या बदलाच्या कितीतरी आधीची, सर्वस्वी तिचीच होती.

देर्लिसने तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नकोस," ती म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे ओढली.